संध्याकाळचा दर

रविवारी, दुपार कलल्यावर, राहत्या घरी, जेवणाच्या टेबलाशी निवृत्त न्यायाधीशांनी वीज कंपनीच्या तिन्ही दरयोजना मुलीपुढे मांडल्या. निवड आजच कळवायची होती आणि एकदा कळवली की वर्षभर तिच्यात बदल नव्हता.

“पहिलीत दिवसभर एकच दर, ती आळशांसाठी. दुसरीत सकाळीही महाग, संध्याकाळीही महाग. तिसरीत दुपारी जवळजवळ फुकट, संध्याकाळी सोन्याचा भाव. म्हणजे दुपारी घरची मोठी बॅटरी भरायची आणि संध्याकाळी तीच वीज कंपनीला विकायची. समजलं?”

“आणि संध्याकाळी आपण काय वापरायचं?”

“कमी वापरायचं!”

इतक्या सरळ युक्तिवादाला फाटे फुटावेत, याचा त्यांना मनस्वी वैताग आला. जन्मभर वकिलांनी छळले. आता पोटची पोर. त्यांनी मोबाइलवरचा आलेख तिच्या नाकासमोर धरला. दिवस मावळताच घराच्या वापराची रेघ पार तळाला टेकत होती.

“हा पुरावा. महिनाभर तिसरी योजना चाचणीला घेतली. तुझ्या आईने एका शब्दाने कुरकुर केली नाही.”

“टीव्ही नाही, इस्त्री नाही?”

“त्या वेळी ती फिरायला जाते. गुडघे किती सुधारलेत बघ तिचे.”

तेवढ्यात आई आतून आली ती चष्मा आणि विणकाम पिशवीत कोंबतच. भिंतीला हात टेकून ती चपला घालू लागली.

“फिरायला विणकाम कशाला गं?”

आईने एकवार नवऱ्याकडे पाहिले.

“तुझ्या मावशीकडे जाते. तिथे दिवा लावला तर कुणी घड्याळ बघत नाही.”

“रोज?” न्यायाधीशांनी विचारले.

“रोज. आणि गुडघे होते तसेच आहेत.”

“मग बोलली का नाहीस?”

“पहिल्याच दिवशी बोलले. तुम्ही दिवा मालवलात आणि म्हणालात, मुद्द्याचं बोल.”

न्यायाधीशांनी घसा खाकरला. प्रतिवाद जिभेच्या टोकावर होता. तो गिळून ते उठले आणि बायकोच्या खुर्चीवरचा दिवा लावायला बटणाशी गेले. बोट बटणावर टेकले, पण नजर त्याआधीच घड्याळाकडे वळली होती.

आईने पिशवी खांद्याला अडकवली. मुलीने टेबलावरचा मोबाइल स्वतःकडे ओढला.

“पहिली योजना,” ती म्हणाली. “दिवसभर एकच दर.”