एका टाक्यावरचं खरबूज

मित्रांनो, मी एक जुनी क्रोशाची सुई आहे आणि माझी मान जन्मापासून वाकडी आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दाराआडून डोकावणाऱ्या माणसाची मान असते ना, तशीच आहे ती, आणि माझा स्वभावही तसाच आहे. पलीकडे काय चाललंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या आयुष्यात मला खूप प्रश्न पडले आणि त्यांतले बरेचसे विचारायचे राहूनच गेले, कारण मला तोंड नाही, फक्त टोक आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाच्या तारेचा वीतभर तुकडा, एवढीच माझी सुरुवात. एका यंत्राने माझं टोक तासलं, दुसऱ्याने त्याला खाच पाडली, तिसऱ्याने अंगठा टेकायला टोकापासून दोन बोटांवर चपटी जागा केली. मग आम्हाला एका बाईंसमोर ठेवलं. त्या प्रत्येक सुई स्वतःच्या गालावरून फिरवत आणि जराही खरखर लागली, की तिला बाजूच्या डब्यात टाकत. माझ्या आधीच्या तिघी डब्यात गेल्या. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. बाईंनी मला गालावरून एकदा फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं आणि म्हणाल्या, "ही जाऊ दे." दिवसाला किती सुया त्या गालावरून जात असतील आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तो दुखत असेल का, हे मला अजूनही माहीत नाही.

दुकानातून मला काकूंनी आणलं. काकू म्हणजे घड्याळकाकांची बायको. काकांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सकाळी साडेनऊला ते घराबाहेर पडत आणि रात्री जेवायलाच परत येत. तोवर घर, मागची पडवी आणि पडवीपुढचं चार पावलांचं अंगण हे सगळं काकूंचं राज्य.

उन्हाळा आला की काकूंच्या दिवसाचे दोन भाग पडत. सकाळी आणि उन्हं उतरल्यावर कुंड्या, आणि मध्ये दुपारभर क्रोशा. गंमत म्हणजे मी दोन्हीकडे असे. बी पेरायचं झालं, की काकू मलाच मातीत खुपसत. माझी चपटी जागा मातीला टेकली की भोक पुरेसं खोल झालं, असं त्यांचं माप होतं. बी आत टाकत, माती ढकलत आणि मला पदराला पुसून पुन्हा दोऱ्यात घालत. आता तुम्हीच सांगा, मला कसं चैन पडावं? खाली काय चाललंय, त्या बीने कूस बदलली का, ते वर येणार की खाली जाणार, हे बघायच्या आत मी आपली बाहेर. चार दिवसांनी अंगणात हिरवं टोक दिसलं की मी उगाच फुशारून जायची. माझ्याच भोकातून आलेलं ना ते!

दुपारी मात्र मी कामात एकदम पक्की होते. माझ्या कामाची एक गोष्ट तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळेच झाला. स्वेटर विणायच्या सुयांवर शंभर-शंभर टाके एकदम चढलेले असतात. माझ्यावर एका वेळी एकच टाका राहतो. साखळी घाला, खांब घाला, मेजपोस करा नाहीतर चादर करा, शेवटी माझ्या मानेत एकच टाका. त्याच्या आधीचे हजार टाके त्या एकाच्या भरवशावर असतात. मी त्यातून निघाले आणि कुणी दोरा ओढला, की सगळं सरसर उसवतं. म्हणून काकू उठताना मला टाक्यातच ठेवून उठत. वाटी उलटी घालून दूध झाकावं, तितकं ते सहज होतं, आणि म्हणूनच ते कुणाला सांगायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

काकूंचं शेवटचं काम एक गोल वस्तू होती. त्या हिवाळ्यात त्यांनी ती जाड सुती दोऱ्याने सुरू केली. फेरीवर फेरी चढत गेली. तळाला गोल, वर खोलगट. मला वाटलं, दिव्यावरचं झाकण असेल. मग वाटलं, पिशवी असेल. एका रविवारी काकांनी चहा पिता पिता विचारलंसुद्धा, की हे कुणासाठी चाललंय. मी कान टवकारले. पण काकूंनी दोरा दातात धरला होता आणि त्या तशाच हसून म्हणाल्या, "उन्हाळ्यात कळेल."

तो उन्हाळा काकूंनी पाहिला नाही. आठ दिवसांच्या आजारात त्या गेल्या.

काका सैरभैर झाले. दुकान त्यांनी भाच्याकडे सोपवलं आणि ते घरात बसून आवराआवर करू लागले. आवरणं हा त्यांच्या हाताला लागलेला गुण. घड्याळवाल्याच्या धंद्यात हत्यार कधी कामात ठेवायचं नसतं. चिमटा चाकांत राहिला आणि झाकण बसलं, तर घड्याळ बाद. चाळीस वर्षं त्यांनी हेच पाळलं होतं. काकूंची टोपली पुढ्यात येताच त्यांनी मला त्या गोल वस्तूतून अलगद काढलं, रुमालाने पुसलं, तेलाचा थेंब लावला आणि स्वतःच्या पेटीत बारीक पेचकसांच्या शेजारी ठेवलं. ती गोल वस्तू घडी करून कपाटाच्या खालच्या खणात गेली. टाका उघडा राहिला होता. ते फक्त मला माहीत होतं, आणि मी कुणाला सांगणार?

सात वर्षं मी पेटीत काढली. मला कुणी हिडीसफिडीस केलं नाही हो. काका दर वर्षी मला बाहेर काढत, तेल लावत आणि पुन्हा आत ठेवत. पण मित्रांनो, मानाने अडगळीत पडणं हेही अडगळीत पडणंच असतं. पेचकसांची आणि माझी भाषा जुळेना. मी आपली विचार करत बसायची, की ती गोल वस्तू काय होती.

यंदाच्या उन्हाळ्यात शेजारच्या सिस्टर आमच्या अंगणात येऊन बसू लागल्या. त्या इस्पितळात नर्स होत्या, आता निवृत्त झाल्यात, पण सगळी गल्ली अजून त्यांना सिस्टरच म्हणते. एके दिवशी काकांनी त्यांना एक लिफाफा दाखवला. वर काकूंचं अक्षर होतं : "खरबूज. चार बिया. पुढच्या उन्हाळ्यासाठी." सात उन्हाळे गेले, पण काकांचा हात धजावला नव्हता. पेरल्या आणि उगवल्या नाहीत तर? मग काकूंचं ते खरबूज कायमचं गेलं. सिस्टर कुणाची भीड ठेवणाऱ्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "काका, बी म्हातारं होतं. आणखी दोन वर्षं जपलंत, तर नुसता लिफाफा जपाल."

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली आणि मला घेऊन काका अंगणात आले. काकूंसारखं चपट्या जागेपर्यंत त्यांनी मला मातीत खुपसलं. सात वर्षांनी ओल्या मातीचा वास आला आणि मला रडूच कोसळलं असतं, डोळे असते तर. चार कुंड्या, चार बिया. काका रोज भिंग लावून माती बघत. आठ दिवस गेले, दहा गेले. अकराव्या दिवशी एका कुंडीत टोक दिसलं. बाकीच्या तीन कुंड्या तशाच राहिल्या.

ती एकुलती एक वेल दोरीवरून भिंतीवर चढली. फुलं आल्यावर काकांनी घड्याळं झटकायच्या बारीक ब्रशाने एका फुलातले कण दुसऱ्यात टेकवले. बरीच फळं धरली आणि गळली, शेवटी एकच टिकलं. त्या एका खरबुजात काकूंचं सगळं बियाणं होतं. ते पिकायच्या आत पडलं असतं, तर पुढे काहीच नव्हतं.

फळ जड झालं, देठ ताणू लागला. सिस्टर म्हणाल्या, याला झोळी हवी. त्यांना क्रोशा येत होता. त्यांनी मला हातात घेतलं, टोक बोटावर घासलं आणि खूश झाल्या. "ही चांगली ठेवलीत हो काका," असं म्हणाल्या. त्यांनी तळ विणला, फळाला खालून लावला आणि कडेतून सुतळी ओवून भिंतीच्या खिळ्यांना बांधला. फळ वाढत होतं, तशी झोळीही वाढायला हवी होती. म्हणून त्या रोज सकाळी येत, एक फेरी वाढवत, सुतळी नव्या फेरीत बांधत आणि मला टाक्यातच ठेवून जात. दिवसभर मी खरबुजाला लागून असायची. त्याच्या सालीवर जाळी कशी उमटते, हे मी अगदी जवळून पाहिलं. ती जाळी कोण विणतं आणि कुठल्या सुईने, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाता जात नव्हता.

एका सकाळी सिस्टर फेरी घालून गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेल्या. काका झारी घेऊन आले. पाणी घातलं, पिवळं पान खुडलं, आणि त्यांना मी दिसले. उन्हात, कामात अडकलेलं, लोंबकळणारं हत्यार. त्यांचा हात आपसूक पुढे आला. मी मनात ओरडत होते, नका, काका, नका. त्यांनी मला काढलं, पुसलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

काका एवढ्यावर थांबले असते, तरी निभावलं असतं. पण खाली दोऱ्याचा गुंडा पडला होता आणि त्याचा दोरा मोकळा लोंबत होता. काका स्टुलावर भिंतीकडे पाठ करून बसले आणि तो दोरा नीट गुंडाळू लागले. दोरा संपेचना. सिस्टरांनी केवढा दोरा सोडलाय, असं पुटपुटत ते गुंडाळत राहिले. मित्रांनो, मी खिशातून मान काढून बघत होते. गुंडा मोठा होत होता आणि झोळी लहान होत होती. एक फेरी गेली. दुसरी निम्मी गेली. सुतळीचं एक टोक सुटून खिळ्यावर टक् असं वाजलं.

घड्याळवाल्याचे कान ते. काका वळले आणि घसरणाऱ्या फळाखाली त्यांनी दोन्ही हात घातले.

देठ पिळवटला होता, पण तुटला नव्हता. हात काढायची सोय नव्हती आणि हाक मारायला कुणी नव्हतं. काका तसेच उभे राहिले. ऊन भिंतीवरून त्यांच्या डोक्यावर आलं, नाकावर मुंगी चढली, तरी ते हलले नाहीत. माझ्या शेजारीच त्यांचं काळीज धडधडत होतं. ते घड्याळ असतं, तर त्यांनी स्वतःच उघडून बघितलं असतं. खूप वेळाने ते हळूच म्हणाले, "सात वर्षं जपलं, आणि आज मीच गं."

सिस्टर आल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं आणि सुई का काढली, एवढंच विचारलं. काका म्हणाले, हत्यार कामात ठेवू नये म्हणून.

"अहो काका, क्रोशाची सुई टाक्यात ठेवायची असते. सगळं विणकाम त्या एका टाक्यावर असतं."

काकांनी घराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिच्या कामातली सुईसुद्धा मीच काढली होती. सात वर्षांपूर्वी. तेही सगळं गेलं असेल."

ते कुठे आहे, असं सिस्टरांनी विचारलं. कपाट, खालचा खण. सिस्टर घरात गेल्या आणि ती गोल वस्तू घेऊन आल्या. ती बघायला माझी मान आणखी वाकायचीच काय ती बाकी होती! खणात कुणी दोरा ओढला नव्हता, म्हणून चार-सहा टाकेच सुटले होते. सिस्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, की हे आहे तरी काय.

"टोपी असेल," काका म्हणाले. "मी विचारलं होतं. ती म्हणाली, उन्हाळ्यात कळेल."

सिस्टरांनी ती वस्तू कडेला धरून उचलली. कडेला साखळीचे तीन लांब फास होते आणि चौथा अर्धा होता.

"काका, टोपीला टांगायचे फास कशाला असतील?"

काकांनी वर पाहिलं. मग हातातल्या फळाकडे पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात वेल भिंतीवर चढवायचं काकूंनी ठरवलं होतं आणि झोळी आधीच करायला घेतली होती, आधीच्या उन्हाळ्यांत पिकवलेल्या खरबुजांच्या मापाने. काकांचे डोळे भरून वाहू लागले. हात अडकलेले होते, त्यामुळे पुसताही येईनात.

सिस्टरांनी काकूंची झोळी काकांच्या हातांखालून वर सरकवली आणि तीन फास खिळ्यांना अडकवले. चौथी बाजू त्यांनी स्वतः धरून ठेवली आणि म्हणाल्या, "आता माझे हात अडकलेत. सुई तुमच्या खिशात आहे. मी सांगते तसं करा."

काकांनी मला काढलं. बारीक चाकं बसवणाऱ्या त्या बोटांनी काकूंचा उघडा टाका उचलला आणि माझ्या मानेत घातला. सात वर्षांनी मी माझ्या जागी आले. दोरा घ्या, टाक्यातून ओढा, पुन्हा घ्या, पुन्हा ओढा. काकांची साखळी कुठे घट्ट झाली, कुठे ढिली. पण चौथा फास पुरा झाला, दोरा कापला, शेवटच्या टाक्यातून ओढून घेतला आणि गाठ बसली. मग खरबूज चारही खिळ्यांवर झोळीत नीट टेकलं.

सोळा दिवसांनी सकाळी ते देठापासून आपोआप सुटून काकूंच्या झोळीत पडलं होतं. अंगणभर गोड वास पसरला होता. काकांनी ते कापलं, बिया धुऊन वाळवल्या. त्यातल्या चार त्यांनी त्याच जुन्या लिफाफ्यात ठेवल्या, कारण त्यावर चारच लिहिलं होतं. बाकीच्या त्यांनी गल्लीभर वाटल्या.

मित्रांनो, तुम्हाला कुणाचं अर्धं राहिलेलं काम सापडलं, तर ते आवरायची घाई करू नका. आधी ते काय आहे ते विचारा, आणि माणूस समोर आहे तोवर विचारा. तो माणूस "उन्हाळ्यात कळेल" म्हणाला, तर शेजारी बसून पुन्हा विचारा. माझी एवढीच विनंती आहे.

आता दुपारी काका पडवीत बसून मला चालवतात. सध्या लांबट काहीतरी चाललंय. काल सिस्टरांनी विचारलं, हे काय करताय. काकांनी दोरा दातात धरला होता. ते तसेच म्हणाले, उन्हाळ्यात कळेल. सिस्टर तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "नाही. आत्ताच सांगा."

काका सांगू लागले, आणि मी मान वाकवून ऐकू लागले.