उजव्या हाताची काजळी

पासीच्या खोऱ्यात हिवाळा आला की धुराड्यांचा धूर खाली बसतो आणि वसंतापर्यंत हलायचं नाव घेत नाही. तो कातडीला चिकटू नये म्हणून क्लोतिल्दनं सहा वर्षं खपून, मोव्ह नावाच्या रानझुडपाच्या जांभळ्या फुलांच्या भेंडीसारख्या बुळबुळीत रसाचं क्रीम केलं होतं. आज शेवटची चाचणी. जमलं नाही तर क्रीम बंद, असं ती कामाला होती त्या कारखान्याचे मालक गास्पार यांनी स्पष्टच सांगितलं होतं.

चाचणीला गावातल्या आठ म्हाताऱ्या आल्या होत्या. डाव्या हाताला क्रीम, उजवा कोरा. अर्ध्या तासानं दोन्हींवर काजळीची पूड टाकून हात धुवायचे. कोऱ्या हातावर डाग राहायला हवे.

धुतले, तर आठही जणींचे दोन्ही हात लख्ख!

"नुसत्या पाण्यानं निघतेय की," गास्पार म्हणाले. "मग तुमचं क्रीम काय चाटायचंय?"

सकाळी क्लोतिल्दच्या स्वतःच्या कोऱ्या हातावरून हीच पूड घासूनही निघाली नव्हती. तिनं आणखी एक संधी मागून घेतली. हात साबणानं धुऊन घेतले, पुन्हा क्रीम लावलं, आणि या वेळी नोंदी करायला आत न जाता दाराशीच थांबली.

ऐंशीच्या फिलोमेनबाई डावा हात उजव्यावर निवांत चोळत होत्या.

"अहो बाई, हे काय?"

"जास्त झालंय गं पोरी. इतकं छान क्रीम वाया घालवू?"

"मघाशीही चोळलंत?"

"मग! सगळ्यांनीच. हो की नाही गं, ओदेत?"

ओदेतबाई छताकडे बघू लागल्या.

क्लोतिल्दला हसावं की रडावं कळेना. इथे शिळा पावसुद्धा कुणी टाकत नाही, सूपमध्ये घालतात. या बायका क्रीम टाकतील? इथेच वाढूनही आपल्याला हे सुचू नये!

पुन्हा साबण, पुन्हा क्रीम. उजव्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत खाली ओढलेल्या. "जी बाही वर करेल, तिला कॉफी नाही!"

अर्ध्या तासानं बाह्या वर करून पूड टाकली, हात धुतले. डावे स्वच्छ, उजवे आठही काळे. गास्पारनी एक डाग नखानं खरवडून पाहिला. हलला नाही.

"बरं. क्रीम चालू राहील," ते म्हणाले.

क्लोतिल्द फिलोमेनबाईंचा काळा हात धरून मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. सहा वर्षांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

"रडतेस काय? या हाताला आता क्रीम कोण लावणार?"

क्लोतिल्दनं डोळे पुसले आणि अख्खी बरणीच त्यांच्या मांडीवर ठेवली.