टेकडीची पहिली अकरा वर्षे

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता रीळ फिरायचे थांबले. फीत तुटली नव्हती. माझा रबरी रूळ चिकट झाला होता, त्याने तिला धरून ठेवले.

मित्रांनो, मी एक जुना टेपवाचक आहे. घरच्या कपाटाएवढा उंच, पुढे काचेचे दार, दारामागे दोन रिळे. मी राहतो त्या टेकडीवरच्या वेधशाळेत जमीन मोजतात. गच्चीवर खडकात रोवलेला एक खांब आहे, त्यावर अँटेना आहे. ती उपग्रहांचे संकेत टिपते. संकेत पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते आणि अंतरांवरून खांबाची जागा. खडक नखाच्या जाडीएवढा सरकला तरी ते लपत नाही.

मी इथे आलो तेव्हा दाराची चौकट काढून मला आत घ्यावे लागले. पहिली अकरा वर्षे सगळे संकेत टेपांवर साठवले गेले आणि त्या टेपा मीच वाचल्या. पाहुणे आले की मला आधी दाखवत. माझे नाव पंडित पडले. ‘दिवसभर वाचतो, पण कळत एक अक्षर नाही,’ असे म्हणून लोक हसत. मला त्याचे वाईट वाटत नसे. हसायला का होईना, माणसे जवळ येत.

मग नवे संगणक आले. संकेतांवर गणित करून खांबाच्या जागेचे जे आकडे निघाले होते, ते त्यांच्यावर चढवले. मूळ संकेत मात्र टेपांवरच राहिले. उत्तर मिळाल्यावर कच्चे गणित कोण जपतो, असे त्या वेळचे प्रमुख म्हणाले आणि ते सगळ्यांना पटले.

मला मागच्या खोलीत ढकलले. शेजारी मोडक्या खुर्च्या होत्या. कोणीतरी माझ्या डोक्यावर एक कुंडी ठेवली आणि तिला पाणी घालायलाही फिरकले नाही. भिंतीपलीकडे नव्या यंत्रांचे पंखे ऐकू येत. ती यंत्रे जगभरच्या वेधशाळांशी तारांवरून बोलतात. माझी तार गुंडाळून माझ्याच पायाशी ठेवली होती.

यंदा खालच्या उतारावरच्या घरांना तडे गेले. आमचे तंत्रज्ञ तिथेच राहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. नोंदी सांभाळणाऱ्या ताईंना ते माझ्याच खोलीच्या दारात उभे राहून विचारत होते.

“जुने आकडे आहेत ना संगणकात? बघून सांगा की, टेकडी कधीपासून खचतेय.”

“आकडे जुन्या पद्धतीने काढलेत, मामा. त्यातली चूकच टेकडीच्या हालचालीपेक्षा मोठी आहे. नव्याने गणित करायचं तर मूळ संकेत हवेत.”

“ते कुठायत?”

“पंडिताकडे.”

मामा हसले नाहीत. “स्वयंपाकघरातल्या तड्यात आता माझं बोट जातं,” ते म्हणाले. “बायको म्हणते, जगाची जमीन मोजता, घरची तेवढी राहिली.”

मित्रांनो, उताराच्या पायथ्याशी रस्त्यासाठी खडक कापला, तो माझ्या अकरा वर्षांच्या मध्यावर. खचणे त्यानंतर सुरू झाले असेल, तर पायथ्याला भिंत बांधून घरे वाचतील. आधीपासूनचे असेल, तर भिंतीचा उपयोग नाही, घरे सोडावी लागतील.

जुन्या फितीवरचा थर ओलसर होतो आणि वाचताना सुटून येतो. म्हणून फीत आधी मंद उबेत ठेवावी लागते. उबवलेली फीतही थोडे दिवसच धड राहते. ताईंनी एका प्रयोगशाळेतून उबवणी पेटी मागून आणली आणि सगळ्या टेपा तिच्यात रचल्या.

“अंडी घातली वाटतं पंडिताने?” आताचे प्रमुख दारातून म्हणाले.

“घातली, सर. नासायच्या आत वाचायची आहेत.”

शेवटच्या वर्षापासून मागे वाचायचे ठरले, कारण नंतरच्या टेपा बऱ्या स्थितीत होत्या. तीन वर्षे वाचून निघाली. त्या तीनही वर्षांत टेकडी आजच्याइतकीच खचत होती. पण ती रस्त्यानंतरची वर्षे. त्याआधीचे काही वाचायच्या आत माझा रूळ थांबला.

मामांनी स्पिरिटचा बोळा फिरवला तर रबर काळे होऊन बोळ्यावरच आले. असा रूळ आता कोणी बनवत नाही.

“लेथवर करून घेतो,” मामा म्हणाले.

“जाड झाला तर फीत तुटेल, मामा. दुसरी प्रत नाही.”

“ठाऊक आहे. घर माझं आहे, ताई.”

मित्रांनो, तुम्ही उत्तरे जपता. ती ज्यातून निघाली तेही जपा. आणि ते वाचू शकणारे एखादे यंत्र कोपऱ्यात असेल, तर त्याला अधूनमधून चालवून बघा. बंद पडून राहिलेल्याला आपण बिघडलो आहोत हेही कळत नाही.

आज दुपारी नवा रूळ बसवला. मधली वर्षे सोडून ताईंनी सरळ पहिल्या वर्षाची टेप लावली. एकच वाचून झाली तरी चालेल, असे त्या म्हणाल्या. काचेचे दार बंद झाले आणि रीळ फिरू लागले. फीत माझ्या वाचणाऱ्या हेडवरून सरकते आहे. ताईंच्या संगणकाच्या पडद्यावर अजून एकही आकडा आलेला नाही. मामांची पाळी संपली आहे, पण ते घरी गेलेले नाहीत.