राइनाचे हात

सुईणींच्या सणाला गोर्नो ब्रेस्तोवोच्या रस्त्यावर पुरुष दिसत नाही. दिसलाच तर बायका त्याची टोपी पळवतात आणि वाइनची बरणी वसूल केल्याशिवाय परत देत नाहीत. म्हणून त्या दिवशी धुराड्यांतून धूर निघतो, पडदे हलतात, आणि पडद्यांमागे नवरेमंडळी शहाण्यासारखी बसून राहतात.

राइनाचा पेंचोही तसाच बसला होता. ती कोट चढवत होती तेव्हा खिडकीकडे बघतच म्हणाला, "यंदा तरी आत जाशील का गं?"

"ट्रॅक्टर कोण बघणार?"

"ट्रॅक्टर काय पळून जातोय?"

राइनाने बूट घातले आणि निघाली.

बर्फावर ऊन असं पडलं होतं, की सगळं गाव कुणीतरी नुकतंच धुऊन वाळत घातलंय असं वाटावं. महिला मंडळाच्या घरापुढे ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीला वाळलेल्या लाल मिरच्यांच्या आणि मक्याच्या लाह्यांच्या माळा बांधल्या होत्या. जेवणं झाली की गेर्गिनाआजीला, गावच्या शेवटच्या सुईणीला, या ट्रॉलीत बसवून वाजतगाजत झऱ्यावर न्यायचं. तीस वर्षं ट्रॅक्टर राइनाच चालवत आली होती. आणि तीस वर्षं, आत जेवणं चालू असताना, ती बाहेर इंजिनाशी काहीबाही खटपट करत उभी राहत आली होती.

कारण आतल्या टेबलाचा नियम जुना होता. तिथे दोघींनाच जागा: जिने बाळ जन्माला घातलं तिला, आणि जिने जन्मणारं बाळ हातात झेललं तिला. राइनाची कूस उजवली नव्हती. तिला कुणी अडवलं असतं असंही नाही. दर वर्षी कुणीतरी दारातून हाक मारायचंच, "ये गं राइना, कोण बघतंय!" त्या 'कोण बघतंय'चाच तिला राग होता. हक्काचं पान असेल तर बसेन, डोळे झाकून वाढलेलं नको.

बाकी मंडळ तिच्यावाचून एक दिवस चाललं नसतं. सतरा बायकांचं मंडळ. नवऱ्याने घराबाहेर काढलेलीला आसरा द्यायचा, तालुक्याला शिकणाऱ्या मुलींना मोजे विणून पाठवायचे, परीक्षेच्या दिवसांत त्यांना डबे पोचवायचे. अकरा वर्षांपूर्वी गावचं प्रसूतिगृह बंद झालं तेव्हा मंडळाने एक जुनी व्हॅन मिळवली. कुणा बाईला नववा महिना लागला की तिच्या घराच्या दारावर राइनाचा फोन नंबर चिकटायचा. खिंडीपलीकडच्या दवाखान्यात तिने आजवर चाळीस बायका नेल्या होत्या, आणि सगळ्या वेळेत पोचल्या होत्या.

एक सोडून. ती बिल्याना.

नोव्हेंबरात, खिंडीत धुकं इतकं दाटलं की रस्ता कुठे आणि दरी कुठे कळेना. ॲम्ब्युलन्स पलीकडून निघाली होती, पण बाळाला कुठला दम! राइनाने व्हॅन थांबवली, मागचं दार उघडलं, आणि पुढच्या वीस मिनिटांत तिच्या या दोन हातांत एक गरम, निसरडं, संतापलेलं पोर आलं. तिने त्याला स्वतःच्या शालीत गुंडाळलं. त्याने धुक्यात जी किंकाळी फोडली ती अजून तिच्या कानात होती. रोज, भांडी घासताना, दूध तापवताना, ती किंकाळी तिला आठवायची आणि हसू यायचं.

पण डॉक्टर पोचला तसं तिने त्याला सांगितलं, "तुम्ही वेळेवर आलात असंच म्हणा." आणि बिल्यानालाही शपथ घातली.

भीती होती ती बिल्यानाच्या सासूची. स्तामेना! चाळीस दिवस सुनेच्या खोलीवरून मांजर जाऊ दिलं नाही या बाईने. उद्या पोराला साधी शिंक आली तरी म्हणेल, पहिला हात कुणाचा लागला? वांझेचा! बत्तीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर सहाव्या वर्षी, एका बारशाला राइनाने हा शब्द ऐकला होता. पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती. म्हणून ज्या एका गोष्टीने तिला आतल्या टेबलावर हक्काची जागा मिळाली असती, तीच तिने स्वतःच्या हाताने पुरून टाकली.

आता ती इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभी होती. आतून गाणं येत होतं. एकेक लेकुरवाळी गेर्गिनाआजीच्या हातांवर पाणी घालत असणार, साबण देत असणार, नवा रुमाल खांद्यावर टाकत असणार.

*धुवा गं धुवा हात, हातांना ऊब फार*
*या हातांनी उघडलं, जगाचं पहिलं दार*

राइनाने पाना जोरात फिरवला. बोल्ट आधीच घट्ट होता.

इतक्यात गाणं मध्येच तुटलं. आत कुणीतरी म्हणालं, "अगं, कुठे निघालीस? आजी इकडे बसलीय!" दार धाडकन उघडलं. दारात बिल्याना. एका हातात तांब्याची झारी, दुसऱ्या हातात साबण, खांद्यावर लाल कशिद्याचा रुमाल. ती बर्फातून तरातरा चालत थेट ट्रॅक्टरपाशी आली.

"मावशी, हात पुढे करा."

"वेडी झालीस?" राइना कुजबुजली. "शपथ घातलीय मी तुला."

"पोराला विचारलं मी. ते म्हणालं, मोड."

"तीन महिन्यांचं पोर बोलतं होय?"

"तुमच्याच हातात पहिल्यांदा बोललं ना! तेव्हापासून थांबलंय कुठे?"

तोवर मागे सगळ्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. आणि त्यांना कोपरांनी बाजूला सारत स्तामेना पुढे आली. कमरेवर हात. नाकाचा शेंडा लाल.

"काय चाललंय हे? कुणाचे हात धुतेस?"

"ज्यांनी तुमचा नातू झेलला त्यांचे, आई," बिल्याना म्हणाली. तिचा आवाज थरथरला, पण झारी हलली नाही. "डॉक्टर आले तेव्हा पोर शालीत गुंडाळून झालं होतं."

राइनाने मान खाली घातली. तिला तो शब्द येताना दिसत होता, बत्तीस वर्षांची वाट तुडवत.

"म्हणजे," स्तामेना सावकाश म्हणाली, "डॉक्टरने काहीच केलं नाही?"

"नाळ कापली," राइना पुटपुटली.

"नाळ कापली! अगं, मी त्या मेल्याला दोन बाटल्या राकिया पाठवली! घरची दारू, आलुबुखारची, सात वर्षं मुरलेली! मधाची बरणी पाठवली! मोजे विणले गं मी त्याला, लोकरीचे, नक्षीचे! आणि तो शहाणा 'आभारी आहे, आजी, आभारी आहे' करत सगळं घेत राहिला? आणि तू?" ती राइनाकडे वळली. "तू तीन महिने माझ्या दारावरून जातेस आणि तोंडातून अवाक्षर काढत नाहीस? मला चोर केलंस तू! माझ्या घरात जीव आणणारीला मी साधा एक साबण दिला नाही, हे लोक आयुष्यभर बोलतील मला!"

राइनाने हात पाठीमागे लपवले. "मला वाटलं... माझा हात..."

"काय झालंय तुझ्या हाताला? दाखव!"

राइनाने हात पुढे केले. काळेकुट्ट. नखांत ग्रीस, बोटांवर डिझेल.

स्तामेनाने ते नीट निरखले. "ई! हिला खरंच साबण हवाय गं!"

आणि अंगणभर जे हसू फुटलं, ते पलीकडच्या पडद्यांमागे नवऱ्यांनाही ऐकू गेलं असणार. स्तामेनाने सुनेच्या हातून साबण ओढून घेतला आणि राइनाचे हात स्वतः चोळायला लागली, भांडं घासावं तशी, दयामाया न दाखवता. बिल्याना पाणी ओतत होती. पाणी कोमट होतं. आणि चोळता चोळता, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नसलेली स्तामेना गायला लागली. तिथल्या तिथे जुळवलेलं:

*डिझेल लागलं हाता, साबण घ्या गं नवा*
*याच गं ओंजळीत, बाळाने घेतली हवा*

बायकांनी दुसरी ओळ उचलून धरली. राइनाच्या खांद्यावर रुमाल पडला. मग तिला आत नेलं, टेबलाच्या शिरोभागी बसवलं, आणि तिच्या पुढ्यात गरम पाव मोडला. तिने एक घास घेतला. मीठ जरा जास्त होतं. की डोळ्यांतलं होतं, कोण जाणे.

गेर्गिनाआजी हे सगळं खुर्चीतून बघत होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी, सुरकुत्यांत डोळे तेवढे जागे. तिने आपल्या गळ्यातली मिरच्यांची माळ काढली आणि राइनाच्या गळ्यात घातली.

"सुटले बाई. ट्रॉलीत बसून माझी हाडं खिळखिळी होतात दर वर्षी. आता तू बस."

"पण आजी, मग ट्रॅक्टर कोण चालवणार?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. खरंच की! पुरुषाला तर बोलवायचं नाही.

"सुईण होण्याआधी मी कोण होते?" आजी काठी टेकत उठली. "सतराव्या वर्षी सहकारी शेतीच्या ट्रॅक्टरवर होते. सगळ्या जिल्ह्यात माझ्यासारखी नांगरट कुणाची नव्हती. चढवा मला!"

तिघींनी तिला उचलून बसवलं. शेजारी बिल्याना उभी राहिली, जाकिटात पोराला छातीशी बांधून. इंजिन खोकलं, गुरगुरलं, आणि मिरच्यांच्या माळा हलायला लागल्या.

"आजी, क्लच सावकाश!" राइना ट्रॉलीतून ओरडली.

"ट्रॉलीतल्या सुईणीने बोलायचं नसतं!"

झऱ्याच्या वळणावर राइनाचं घर. आणि घरापुढे, भर रस्त्यात, पेंचो उभा. डोक्यावर लग्नातली फरची टोपी, काखेत वाइनची बरणी.

"अहो, आत व्हा! टोपी नेतील ना!" राइना ओरडली.

"नेऊ देत," पेंचो म्हणाला. "म्हणूनच घातलीय."

बायकांनी टोपी पळवली, बरणीही पळवली. आजीला ब्रेक सापडला तो झऱ्यात पुढचं चाक गेल्यावर. पाण्याचा फवारा ट्रॉलीभर उडाला. सगळ्यांत जास्त भिजली राइना, आणि जाकिटातून पोराने अशी किंकाळी फोडली की तिने ती लगेच ओळखली.