नोंदीखालचं नाव

तात्यासाहेबांनी मला आधीच सांगितलं होतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "तिन्ही लायब्रऱ्यांचा कॅटलॉग एक करायचं तुझ्या डोक्यात आहे, ते चांगलंय. पण तो एक झाला की दुसरीचं काम तुला रोज समोर दिसणार. बघत बसू नको, राजनंदिनी. माणूस कडू होतं त्यानं."

मी हसले. तेव्हा गार्गी पोटात होती, पाय सुजलेले होते आणि तात्यासाहेब हे मला कार्डांच्या लाकडी पेट्यांमधून बाहेर यायला तयार नसलेलं माणूस वाटायचे. कडू कशाला व्हायचं? पुस्तकांच्या नोंदी तर आहेत.

आमच्या संस्थेची तीन कॉलेजं. एक इथं शहरात, एक बजाजनगरला आणि एक लासूर स्टेशनला. एकच पुस्तक तिन्हीकडं यायचं आणि तीन माणसं त्याची तीन तऱ्हांनी नोंद करायची. लेखक कोण, विषय कोणता, कुठल्या कपाटात ठेवायचं. विद्यार्थ्याला पुस्तक सापडतं ते या नोंदीवरून. हे तिप्पट काम थांबवायचं म्हणून संस्थेनं समिती नेमली. दोन वाटा होत्या. एक, बाहेरच्या कंपनीची सेवा घ्यायची आणि तयार नोंदी उतरवून घ्यायच्या. मी त्यांचा नमुना मागवला. इंग्रजी पुस्तकांना तोड नव्हती, पण मराठी पुस्तकं मोजकीच, आणि होती त्या सगळ्यांचा विषय 'मराठी साहित्य'. शेळीपालनाचासुद्धा. दुसरी वाट म्हणजे आपला आपण सामायिक कॅटलॉग करायचा. एकीनं नोंद करायची, बाकीच्यांनी ती वापरायची. मी समितीपुढं या दुसऱ्या वाटेची बाजू इतकी जोरात मांडली की प्राचार्य अप्पाराव सर म्हणाले, तुमच्या शब्दावर हीच वाट घेऊ. ती 'एकीनं' म्हणजे मीच, हे मी धरूनच चालले होते.

मग बाळंतपणाची रजा लागली. परत आले तेव्हा कामाची पद्धत ठरून गेलेली होती. ज्याच्याकडं पुस्तक आधी येईल त्यानं नोंद करायची, दुसरीनं तपासून मंजूर करायची, मग ती तिघांची. नोंदीखाली करणाऱ्याचं नाव. ही पद्धत लासूरच्या ग्रंथपालबाईंनी बसवली होती. संध्या तिचं नाव. बजाजनगरचे धम्मपाल सर तर खुशीत होते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही दोघी रांधा, मी जेवायला बसतो."

मी संध्याला पाहिलेलं नव्हतं. तिचं नाव मात्र रोज बघत होते. कुठल्याही नव्या पुस्तकाची नोंद उघडा, खाली 'नोंद : संध्या'. आणि तपासणारी म्हणून त्याच्याखाली बारीक अक्षरात मी.

नुसती नोंद करून ती थांबायची नाही. खाली दोन ओळी लिहायची. बीजगणिताच्या पुस्तकाला लिहिलं होतं, 'ज्यांना गणिताची धास्ती आहे त्यांनी मधून सुरू करावं, सुरुवात नंतर कळते.' विहिरींवरच्या पुस्तकाला, 'घरची विहीर आटली असेल तर शेवटचं प्रकरण आधी वाचा.' आमच्या शहरातल्या मुली हे वाचून काउंटरवर यायला लागल्या. प्रेरणा नावाची एक मुलगी तर पुस्तकाचं नावच सांगायची नाही. मॅडम, ते मधून सुरू करायचं द्या, म्हणायची. एकदा तिनं विचारलं, हे तुम्ही लिहिता का? मी म्हटलं, ऑफिसकडून येतं.

घरी चिकलठाण्याला गार्गीला भरवताना एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर आमचा कॅटलॉग. कुणी कामाला बसलं की त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका लागतो. संध्याचा ठिपका सकाळी लागायचा तो जो लागायचा, संध्याकाळपर्यंत ढळायचा नाही. मी मनात हिशेब मांडायचे. लग्न झालेलं नाही, लेकरू नाही. हिला काय, बसल्या जागी चहा मिळत असेल. हिच्या कुर्त्यावर कुणी वरणभात सांडत नाही. मी एक नोंद तपासायला घेते तोवर गार्गी पलंगावरून खाली, आणि परत येऊन बघते तर संध्याच्या आणखी चार तयार. नवरा शिवराज कंपनीतून आला की विचारायचा, आज काय केलं तिनं? त्याला वाटायचं गंमत आहे.

ऑफिसात एकदा तिच्या नेमणुकीबद्दल कुणीतरी नको ते बोललं. कोट्यातली म्हणून. मी त्यात होला हो मिळवलं नाही. पण त्याला गप्पही कोणी केलं नाही, मीही नाही.

मग संस्थेची सूचना आली. एक वर्ष झालं की सामायिक कॅटलॉगचा आढावा घेणार आणि एकीला कॅटलॉग प्रमुख करणार. प्रमुखाची जागा शहरात, दिवसाची वेळ. संध्या प्रमुख होऊन इथं आली तर माझ्या वाट्याला संध्याकाळचं काउंटर येणार, वाचनकक्ष बंद होईपर्यंत. म्हणजे गार्गी रोज शेजारच्या सरूबाईंच्या खांद्यावर झोपणार. आधीच ती सरूबाईंच्या पदराला धरून 'आई' म्हणाली होती. सरूबाई हसून म्हणाल्या, जीभ वळत नाय अजून. माझी मात्र नीट वळली होती. मी त्यांना म्हटलं, उद्यापासून मी लवकर येत जाईन.

त्या दिवसापासून मी संध्याच्या नोंदी परत पाठवायला लागले. पृष्ठसंख्या तपासा. आवृत्ती स्पष्ट करा. दोन ओळींची गरज आहे का, विचार व्हावा. ती लगेच दुरुस्त करून पाठवायची आणि वर लिहायची, 'आभार ताई.' हे आभार मला फार लागायचे. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दसऱ्यानंतर तिचं काम बिघडायला लागलं.

आधी त्या दोन ओळी गेल्या. मला वाटलं, माझा शेरा मनावर घेतलाय. पण मग विषयच चुकायला लागले. मधमाशीपालनाचं पुस्तक 'लग्नातली गाणी' या विषयाखाली. मुतखड्यावरच्या पुस्तकाला किल्ल्यांचा विषय. ही आमच्याच कामातली चूक आहे, दुसऱ्या कुणाला ती करताच यायची नाही. नवी नोंद आम्ही कोऱ्या पानावर करत नाही. आधीची एखादी नोंद उघडतो, तिची प्रत काढतो आणि त्यात नवं भरतो. मधेच उठलं, लक्ष तुटलं, की वरचं नवं आणि खालचं जुनं तसंच राहतं. मंजूर न झालेल्या नोंदी धम्मपाल सरांनाही दिसतात; त्यांचा फोन आला, मधमाश्या वऱ्हाडी झाल्या का म्हणून. मी खूप हसले. गरजेपेक्षा जास्तच.

अशा सगळ्या नोंदी मी एका फाईलीत काढून ठेवायला लागले. आढाव्याच्या बैठकीत दाखवायच्या होत्या.

ठिपकाही बदलला होता. आता तो पहाटे लागायचा. लागला की थोड्या वेळात जायचा. पुन्हा लागायचा, पुन्हा जायचा. एका सकाळी गार्गीचं दूध गार करत मी ते बघत होते आणि हात थांबला. हे मला ओळखीचं होतं. असं काम मी करते. दोन मिनिटं बसायचं, कुणीतरी हाक मारतं, उठायचं, पुसायचं, भरवायचं, परत येऊन कुठं होतो ते शोधायचं. लेकरू असलेल्या बाईचा ठिपका असा लागतो. मग हिच्या घरी कोण हाक मारतंय?

मी फोन हातात घेतला होता. पण तेवढ्यात गार्गीनं दुधाचा पेला लोटला, मी फरशी पुसायला बसले आणि पुसता पुसता मला वाटलं, माझी ओढाताण चालू असताना मला कुणी फोन केला होता का? मग नाहीच केला.

बैठकीला मी फाईल घेऊन गेले. अप्पाराव सर, धम्मपाल सर, संस्थेचे दोघं. संध्या आली नव्हती, फोनवरून जोडली गेली होती. तिचं चित्र बंद होतं. सर म्हणाले, राजनंदिनी मॅडम, सुरू करा. मी फाईल उघडायच्या आतच तिचा आवाज आला. पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या कल्पनेतला आवाज टणक होता, हा बसलेला होता.

"सर, आधी मी बोलते. गेले काही महिने माझ्या नोंदी नीट नाहीत. ताईंनी सगळ्या पकडल्या म्हणून पोरांपर्यंत गेल्या नाहीत. प्रमुख त्यांनाच करा. मला आत्ता जमणार नाही."

सरांनी विचारलं, काही अडचण? ती म्हणाली, घरचं थोडं. सर 'बरं बरं' म्हणाले. मागं कुणीतरी खोकत होतं, तिनं फोन ठेवला. मग टाळ्या झाल्या, माझ्यासाठी. फाईल माझ्या मांडीवर मिटलेलीच राहिली. मी जिंकले आणि ते जिंकणंही तिच्याच हातून मिळालं. खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा आधी कधी आला नव्हता इतका राग आला.

आता मी कॅटलॉग प्रमुख आहे. नोंदीखाली माझं नाव असतं. पाचला सुटते, गार्गी माझ्याजवळ झोपते. प्रेरणा मध्यंतरी येऊन विचारून गेली, ते दोन ओळी लिहिणारं माणूस बदललं का मॅडम?

संध्या बिनपगारी रजेवर गेली, लासूरच्या लायब्ररीत शिपाई बसतो. ठिपका लागत नाही. तरी मी बघते. भरवताना, दळण आणायला गेल्यावर, सिग्नलला. एका रविवारी मी शिवराजला म्हटलं, लासूरला जायचं. तो म्हणाला, आता तिथं काय राहिलंय तपासायचं? चिडवायला म्हणाला, पण गाडी काढली.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत तिचं घर. दार उघडंच होतं. आत खाटेवर तिचे वडील, कडुबा. दसऱ्यात त्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. आई गोजरबाई आधीच वारलेल्या. भाऊबहीण नाही. त्यांनी मला बघून अर्ध्या ओठांनी 'जय भीम' केलं. मी पण केलं, जरा उशिरानं. खाटेच्या कडेला त्यांचे धुतलेले कपडे वाळत होते, आमच्या बाल्कनीत गार्गीचे वाळतात तसे, तेवढेच. त्यांना भरवणं, उठवणं, पुसणं सगळं ती एकटी करते. शेजारचे पहिले काही दिवस यायचे, मग ज्याची त्याची कामं लागली. हे सगळं तिनं चहा करता करता सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

माझ्याहून लहान आहे ती. हाताची हाडं वर आलेली. मी विचारलं, तू जेवतेस का गं? "व्हय, जेवते की." झोप? "लागते. ठीक आहे ताई." काहीही विचारा, ठीक आहे ताई. गार्गी तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि बघता बघता झोपली. माझ्याकडं तिला झोपवायला अर्धा तास गाणी म्हणावी लागतात. मला ते दिसलं, आणि अशा घरातही ते टोचलं. काय करू.

निघताना ती दारापर्यंत आली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "ताई, अजून काही चुकलेलं राहिलंय का? तुम्ही एवढ्या लांब आलात. सांगा, मी बसून करून देईन."

मी नाही म्हटलं. काही राहिलं नाही. तिला ते खरं वाटलं नाही, हे मला दिसत होतं. इतके महिने ज्या बाईनं फक्त चुका दाखवल्या, ती रविवारी लेकरू घेऊन दारात कशाला येईल? त्यानंतर मी तिला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिनं पृष्ठसंख्या, आवृत्ती यांचीच चौकशी केली. तिसऱ्यांदा उचलला नाही.

तात्यासाहेब म्हणाले होते, बघत बसू नको. मी बघत बसले म्हणून तर तिच्या घरात कुणीतरी हाक मारतंय हे मला कळलं, संस्थेत दुसऱ्या कुणाला कळलं नाही. पण आता माझ्या बघण्याचा तिला उपयोग नाही. माझ्या तोंडून 'कशी आहेस' निघालं तरी तिला ते तपासणीसारखंच ऐकू येतं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही लासूर स्टेशनला उतरणार असाल, मोंढ्यात मका घालायला जाणार असाल, तर मागच्या गल्लीत कडुबांचं घर विचारा. पुस्तकाचं काही बोलू नका, माझं नाव तर घेऊच नका. थोडा वेळ खाटेजवळ बसा, म्हणजे तिला उठून बाहेर जाता येईल. ती जेवली का, ते तिला विचारू नका. चुलीवर काय आहे ते बघा. आणि मला कळवा. ती बरी आहे, हसतेय, परत दोन ओळी लिहायला लागलीय असं कळलं तर मला थोडं जळायला होईल. ते माझं मी बघेन. तुम्ही फक्त जाऊन या.