मी नाव घेणार नाही

एकोणपन्नास सालच्या उन्हाळ्यात ठाण्यात रेशनवर तांदूळ येईनासा झाला. शाळेतल्या सुहासिनीबाई चार दिवस जेरोमच्या रेशन दुकानापुढे रांगेत उभ्या राहिल्या आणि चारही दिवस किडकी ज्वारी घेऊन परतल्या. "वरून मालच येत नाय, बाई. मी काय करू?" जेरोम हात जोडून म्हणायचा.

त्या रविवारी संध्याकाळी ठाण्यातच, खोपटच्या मैदानावर गुरुदत्तरावांची सभा होती. आपल्या नव्या पक्षासाठी ते जिल्हाभर फिरत होते. आधी त्यांनी स्वतः उपाशी राहून मुलांना भरवणाऱ्या आपल्या आईची गोष्ट सांगितली, उपरण्याने डोळे पुसले. मग आवाज चढला.

"तुमची पोरं उपाशी निजतात, आणि कुणाच्या तरी माळ्यावर पोत्यांच्या थप्प्या लागल्यात! कोण तो? मी नाव घेणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे!"

ते थांबले. मैदान चिडीचूप झालं, आणि कुणीतरी किंचाळलं, "जेरोम!"

शेजारची बाई वळून बघायला लागली, तेव्हा कुठे सुहासिनीबाईंना कळलं, की ओरडलो ते आपणच.

लोक उठलेच. लोंढ्यामागून त्या धापा टाकत जेरोमच्या घरी पोचल्या तोवर दार फुटलं होतं. माळ्यावर एक मोडका पाळणा होता, बस्स. जेरोम उंबऱ्यात रक्ताळलेलं डोकं धरून बसला होता. त्याची बायको अँजेला हिने डबा बाईंच्या पायाशी उपडा केला. तीच किडकी ज्वारी.

"आमी पन हेच खातो, बाई."

बाईंनी पदर फाडून जेरोमच्या कपाळाला बांधला. "तुमी तरी आल्यात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच त्या कल्याणच्या सभेला गेल्या. गुरुदत्तरावांना ठणकावून विचारायचं होतं, पण भाषण सुरू झालं होतं. तीच आई. तेच उपरणं. डोळेसुद्धा कालच्याच शब्दाला भरून आले.

"मी नाव घेणार नाही..."

"का नाही घेत?" त्या ताडकन उभ्या राहिल्या. "तुम्हीच घ्या नाव! काल ठाण्यात जेरोमचं घर फोडलं. माळा रिकामा होता! नाव ओरडले ती मी!"

गुरुदत्तराव शांतपणे हसले. "बघितलंत? साठेबाजांची माणसं आता सभेतसुद्धा येऊन बसायला लागली."

बाईंचा चष्मा पायांखाली गेला. कुणी झिंज्या ओढल्या, कुणी पाठीत गुद्दा घातला. तेवढ्यात मागून आरोळी आली, "काळुराम वाणी!" आणि सगळी गर्दी तिकडे फिरली.

"काळुरामचं घर कुठं?" भेटेल त्याला विचारत, ठेचकाळत त्या गल्लीबोळातून धावत सुटल्या. गर्दीच्या जेमतेम दोन मिनिटं आधी पोचल्या. काळुराम, त्याची बायको आणि दोन पोरी परसदाराने निसटली.

घर मात्र वाचलं नाही. ज्वाळा छपराला लागल्या तेव्हा सभेतला लाऊडस्पीकर अजून चालूच होता.