गाडीच्या नाकावरची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. पाय शोधू नका, मला एकही नाही. आमच्या राखीव रानातल्या उघड्या गाडीच्या नाकावर, डाव्या दिव्याच्या वर मला बसवलंय. मूळची मी एका मोडक्या ट्रॅक्टरची बैठक. वर्कशॉपात मला ठोकलं, रंगवलं, हिरवं जाड कापड चढवलं आणि तेव्हापासून मी सगळ्यांच्या पुढे असते. धूळ मला पहिली, काटे मला पहिले, आणि सिंहसुद्धा मलाच पहिला!

मित्रांनो, माझ्या मागे पाहुणे बसतात. लांबलांबून येतात. त्यांच्या तंबूत न्हाणीचा टब असतो, पिसांच्या उशा असतात, उशीवर रोज चॉकलेट ठेवलेलं असतं. पण सिंह काही उशीवर ठेवता येत नाही. तो शोधावा लागतो, आणि शोधतो तो माझ्यावर बसणारा माग काढणारा.

माझ्यावर एकोणीस वर्षं मफेमानी बसला. काय नजर होती त्याची! चालत्या गाडीतून वाळूकडे बघायचा आणि सांगायचा, "सिंहीण. रात्रीची नव्हे, पहाटेची. मागचा डावा पाय जपून टाकतेय." आणि खरंच, पुढच्या वळणावर ती पाय चाटत बसलेली असायची. गाडी चालवायची टिन्स्वालो. रानाची बाराखडी ती मफेमानीकडूनच शिकली. नात्यातली नव्हे, पण त्याला मामा म्हणायची.

दोन हिवाळ्यांपूर्वी मला पहिल्यांदा खटकलं. मफेमानी कायम आरामात रेलून बसायचा, तो आता कडेला सरकून मान पुढे काढू लागला. समोरून कोवळं ऊन आलं की डोळ्यांवर हात धरायचा. दर फर्लांगाला हात वर करून गाडी थांबवायचा, खाली उतरायचा, गुडघे टेकायचा आणि ठशाची कड बोटाने चाचपायचा.

पाहुणे खूश! "वा, काय बारकाईने काम करतो हा माणूस!" म्हणत फोटो काढायचे. त्याला जितकं कमी दिसू लागलं, तितक्या टाळ्या वाढल्या. माझा तर संताप व्हायचा.

सकाळी माझ्यावरचं दव पुसताना तो माझ्याशी बोलायचा. "गप्प राहा हं म्हातारे. ही जागा गेली की मला फाटकावर उभं करतील, येणाऱ्याजाणाऱ्यांना सलाम ठोकायला. मी मेलो तरी चालेल, पण फाटक नको." मी काय बोलणार? गप्प राहिले.

आता इथला पहिला नियम ऐका. सिंहाला गाडी आणि आतली माणसं मिळून एकच मोठं जनावर वाटतं. पण माझ्यावर बसलेला माणूस त्या जनावरातून बाहेर डोकावतो. म्हणून सिंह जवळ आला की माग काढणाऱ्याने मला सोडून मागे, चालवणाऱ्याशेजारी जाऊन बसायचं. मफेमानीला हे कधी कुणी सांगावं लागलं नव्हतं.

जूनमधली सकाळ होती; आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. पाहुणे मांडीवर गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन कुडकुडत होते. कोरड्या नदीच्या वाळूत सिंहिणीचा माग होता. मफेमानीने तो बरोबर धरला, पण गाडी वारुळाला वळसा घालून पुढे आली, तशी टिन्स्वालोने एकदम इंजिन बंद केलं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "हलू नका."

मफेमानी दगडासारखा स्थिर झाला. आणि मग त्याने विचारलं, "कुठाय ती?"

मित्रांनो, एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्याने कधी केला नव्हता. दुसरे त्याला विचारायचे.

"तुमच्या डाव्या पायाशी. दोन पिल्लं आहेत."

पिवळ्या गवतातून सिंहीण उठली. तिची गुरगुर माझ्या पत्र्यातून थरथरत गेली. तिने मफेमानीच्या बुटाचा वास घेतला. त्याने पाऊल तसूभर हलवलं नाही. तेवढ्यात एक पिल्लू केकाटलं. तिने मान वळवली, त्याला तोंडात धरलं आणि दुसऱ्याला पुढे घालून गवतात निघून गेली.

सुटलो! मागे एक बाई रडतही होती आणि हसतही होती.

पुढच्या थांब्यावर पाहुणे कॉफी आणि कडक टोस्टांभोवती जमले. टिन्स्वालो माझ्यापाशी आली.

"किती दिवस झाले, मामा?"

"कशाला किती दिवस?"

"सिंहीण दिसली नाही तुम्हाला. मला शेंड्या लावू नका."

तो खाली बघत म्हणाला, "दोन हिवाळे. धुकं असल्यासारखं दिसतं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला खाली उतरवलं असतंस."

"उतरवलंच असतं! आणि आज काय झालं असतं? तुमच्या बायकोला मी तुमचा बूट नेऊन दिला असता का?" मफेमानी एवढंच म्हणाला, "चुकलं, पोरी."

तिने व्यवस्थापक फॉरीबाईंना सगळं सांगितलं. बाई आधी कडाडल्या, मग म्हणाल्या, "डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याने त्या खुर्चीवर बसायचं नाही. खुर्चीवर दुसरंही कुणी बसणार नाही." सरकारी रुग्णालयात मोतीबिंदू निघाला. आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, मग दुसऱ्याची. ते तीन महिने मी रिकामी फिरले. वाटायचं, आता मला काढून भंगारात टाकतील.

सप्टेंबरात मफेमानी आला. मला थोपटलं, चढून बसला, रेलला. अगदी पूर्वीसारखा रेलला! मग मागे वळून टिन्स्वालोकडे बघतच राहिला.

"काय झालं मामा? पुन्हा धुकं?"

"नाही गं. तुझे केस कधी पिकले?"

"तुमच्याच काळजीने!" ती हसली आणि तिने गाडी सुरू केली. फर्लांगभर गेल्यावर त्याने बसल्याबसल्याच वाळूतल्या ठशाकडे बोट दाखवलं. "बिबट्या. रात्रीचा. पुढे जा, थांबू नकोस." त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला मात्र इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता माझं गुपित. माझा एक बोल्ट वर्षभर सैल होता. 'कुरकुर केली तर काढून टाकतील' म्हणून मी ओठ आवळून गप्प होते. मफेमानी ज्या खुर्चीवर बसतो, तीच सैल! दुसऱ्या दिवशी पहिल्याच खड्ड्यात मी मोठ्याने किंचाळले. मेकॅनिक गेझानी पाना घेऊन आला, वाकला, दोन पिळे दिले. "अरे, एवढंच होतं?" तो म्हणाला.

एवढंच होतं, मित्रांनो. काही सैल झालं, दुखलं, दिसेनासं झालं तर वर्ष काढू नका. तुमच्यावर कुणीतरी भरवशाने बसलेलं असतं. वेळेवर कुरकुर करा.